काविळीच्या सतरा साथी आणि एका संशोधिकेची वाटचाल

सत्तरी तालुक्यातील पाली गावात २०१५ साली माकडतापाने डोके वर काढले, तेव्हा या रोगाचे नावही अनेकांना अपरिचित होते. काजूच्या बोंडूंचा हंगाम, रानात मरून पडलेली माकडे, पायाला चिकटलेली गोचीड आणि चार दिवसांत अंथरुणाला खिळवणारा ताप, असा तो अनुभव होता. रुग्णांच्या रक्ताचे नमुने घाट ओलांडून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत गेले. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या संशयावरून घेतलेले गोव्यातील सुरुवातीचे नमुनेही तेथेच पाठवावे लागले होते. अहवाल येतो, 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' एवढे कळते आणि सर्वसामान्यांच्या दृष्टीने त्या नमुन्याची कथा तेथे संपते. प्रयोगशाळेत मात्र ती बहुधा तेथूनच सुरू होते. उरलेला रक्तद्रव, ज्याला सीरम म्हणतात, तो छोट्या कुपीत भरून, त्यावर वर्ष आणि गावाचे नाव लिहून शून्याच्या खूप खालच्या तापमानात ठेवला जातो. आज ज्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तो प्रश्न वीस वर्षांनी याच कुपीला पुन्हा विचारता येतो.

डॉ. विद्या अरणकल्ले यांची संशोधन कारकीर्द समजून घ्यायची तर या कुप्यांपासूनच सुरुवात करावी लागते. पुण्याच्या या संस्थेत त्यांनी अनेक दशके काम केले, तेथील काविळीवरील संशोधन गटाचे नेतृत्व केले आणि पाण्यातून पसरणाऱ्या ज्या काविळीला भारतात नावही नव्हते, तिची ओळख पटविण्यात महत्त्वाचा वाटा उचलला.

ही संस्था १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्यातून 'व्हायरस रिसर्च सेंटर' या नावाने सुरू झाली. डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरणारे विषाणू हा तिचा मूळ विषय होता. माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधला. १९७८ मध्ये तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा आणि आजचे नाव मिळाले. त्या वर्षापासून पुढील दहा वर्षे तिची धुरा डॉ. खुर्शीद पावरी यांच्याकडे होती. संस्थेचे संचालकपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला. डासांच्या विषाणूंसाठी नावाजलेल्या या संस्थेत काविळीचा अभ्यास कसा रुजला, याचे उत्तर मात्र दिल्लीत सापडते.

१९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेने दिल्लीजवळ आपला प्रवाह बदलला. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या नजफगड नाल्याचे पाणी उलट दिशेने सरकून वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. जलशुद्धीकरणाच्या अभियंत्यांना ते लक्षात आले आणि त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढविली. टायफॉइड किंवा आमांश यांचे रुग्ण त्यामुळे वाढले नाहीत. जिवाणू मेले होते. परंतु काही आठवड्यांतच, डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये, दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांमध्ये तिची तीव्रता विलक्षण होती. त्या काळात पाण्यातून होणारी कावीळ म्हणजे 'संसर्गजन्य हेपॅटायटिस' एवढीच समज होती. ती वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांतही तशीच नोंदली गेली.

पुढे १९७३ साली अमेरिकेत हेपॅटायटिस ए चा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि त्याची चाचणी तयार झाली. एखादा विषाणू शरीरात प्रथमच शिरला की रक्तात आधी 'आयजीएम' प्रकारची प्रतिपिंडे दिसतात. काही महिन्यांत ती ओसरतात आणि 'आयजीजी' प्रकारची प्रतिपिंडे दीर्घकाळ राहतात. पहिली म्हणजे नुकत्याच झालेल्या भेटीची खूण, दुसरी म्हणजे जुन्या ओळखीची. दिल्लीच्या आणि १९७५-७६ मधील अहमदाबादच्या साथीतील साठवलेला रक्तद्रव या नव्या चाचणीखाली तपासण्यात आला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. रुग्णांच्या रक्तात हेपॅटायटिस ए ची जुनी ओळख होती, परंतु ताज्या संसर्गाची खूण नव्हती. हेपॅटायटिस बी चाही हा प्रकार नव्हता. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधील १९७८ च्या साथीबाबत स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष मांडला. पाण्यातून येणारी, हजारोंना पछाडणारी आणि गरोदर स्त्रियांचे प्राण घेणारी ही कावीळ कोणत्या तरी तिसऱ्याच विषाणूची होती. शास्त्रज्ञांनी तिला 'ए नव्हे, बी नव्हे' असे नकारार्थी नाव दिले. नाव नसणे ही विज्ञानात मोठीच अडचण असते, कारण ज्याला नाव नाही त्याची चाचणी नाही, चाचणी नाही म्हणून मोजदाद नाही, आणि मोजदाद नाही तर शासनाच्या कागदावर तो रोगच नाही.

हा विषाणू प्रयोगशाळेतील पेशींमध्ये वाढत नव्हता. रशियन विषाणुशास्त्रज्ञ मिखाईल बालायन यांनी अफगाणिस्तानातील सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला, कावीळ ओढवून घेतली आणि स्वतःच्याच विष्ठेत विषाणूचे कण शोधले. त्यांचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. धाडस म्हणून ही घटना सांगितली जाते. तिच्यातील अगतिकता मात्र सहसा कोणी सांगत नाही. पुण्यात याच सुमारास निराळ्या, शांत मार्गाने काम चालू होते. डॉ. एम. ए. श्रीनिवासन, डॉ. अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये रुग्णांच्या विष्ठेतील विषाणुसदृश कणांचे निरीक्षण प्रसिद्ध केले.

या तंत्राला प्रतिपिंड-आधारित इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन म्हणता येईल. विष्ठेच्या अर्कात असंख्य प्रकारचे सूक्ष्म कण असतात. त्यांतील नेमका अपराधी कोणता, हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून त्यात बरे झालेल्या रुग्णाचा रक्तद्रव मिसळतात. त्यातील प्रतिपिंडे फक्त आपल्या ओळखीच्या विषाणूलाच बिलगतात आणि ते कण एकत्र गोळा होऊन त्यांचे पुंजके दिसू लागतात. जणू साक्षीदाराने गर्दीतून आरोपी दाखवून द्यावा. हे अतिसूक्ष्म कण बारकाईने शोधायचे असतात. सूक्ष्म जाळीचे चौकोन तासन्‌तास न्याहाळण्याचे ते काम होते. १९८८ मध्ये डॉ. अरणकल्ले प्रथम लेखिका असलेला शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात या कणाचा पाण्यातून पसरणाऱ्या काविळीशी असलेला कार्यकारण संबंध मांडला होता. त्यांच्या सहलेखकांत डॉ. पावरी होत्या, त्याचप्रमाणे हेपॅटायटिस ए चा विषाणू प्रथम पाहणाऱ्या गटातील अल्बर्ट कापिकियन आणि रॉबर्ट पर्सेल हेही होते.

१९९० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी या विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा तुकडा वेगळा काढला आणि 'हेपॅटायटिस ई' हे नाव रूढ झाले. सुमारे ७,२०० अक्षरांचा एकपदरी आरएनए आणि त्यावर तीन प्रमुख वाचनखंड, एवढाच त्याचा संसार. परंतु त्यामुळे विषाणू न वाढवताही त्याचे प्रथिन कृत्रिमरीत्या तयार करता आले आणि त्या प्रथिनावर आधारित चाचणी हाती आली. रेणवीय जीवशास्त्राने विषाणुशास्त्राला दिलेली ही खरी देणगी. आता शीतपेट्या उघडण्याची वेळ आली होती.

१९९४ मध्ये डॉ. अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात भारतातील काविळीच्या १७ साथींचा एकत्रित पडताळा प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या गावी गोळा करून जपून ठेवलेल्या रक्तद्रवांची ती तपासणी होती. १७ पैकी १६ साथींमध्ये हेपॅटायटिस ई चा पूर्ण किंवा अंशतः हात असल्याचे दिसले. उरलेली एक साथ अंदमान बेटांवरील होती. ती ए चीही नव्हती आणि ई चीही. संशोधकांनी ती बाब झाकली नाही, तर शोधनिबंधाच्या शीर्षकातच पाण्यातून पसरणाऱ्या आणखी एका संभाव्य कारकाचा उल्लेख केला. सोळा उत्तरे मिळाल्यावर सतरावा प्रश्न मथळ्यात ठेवणे, यावरून त्या कामाची वृत्ती कळते.

त्यानंतरचा प्रश्न अधिक सूक्ष्म होता. ए आणि ई हे दोन्ही विषाणू एकाच वाटेने, दूषित पाण्यातून, येतात. मग दोघांची वागणूक सारखी असायला हवी. पुण्यात १९८२ आणि १९९२ अशा दोन वर्षी गोळा केलेल्या रक्तद्रवांची वयोगटानुसार तुलना करण्यात आली. हेपॅटायटिस ए ची प्रतिपिंडे बहुतेक सर्व मुलांमध्ये लहान वयातच आढळली. ई ची मात्र बालवयात अत्यल्प होती, तारुण्यात ती वाढत जाऊन सुमारे ४० टक्क्यांपर्यंत पोहोचत होती आणि तेथेच थांबत होती. म्हणजे एकाच नळाचे पाणी पिणाऱ्या मुलाला ए गाठतो आणि त्याच्या वडील भावंडाला ई. या विसंगतीचे सर्वमान्य स्पष्टीकरण आजही सोपे नाही. ई चे विषाणू पाण्यात कमी संख्येने असतात, लहानपणी तो संसर्ग लक्षणांविना होऊन त्याची प्रतिपिंडे विरत जातात, असे अनेक तर्क आहेत. काश्मीरमधील रुग्णांचा पाठपुरावा केला असता १४ वर्षांनंतर जवळपास निम्म्यांच्याच रक्तात ही प्रतिपिंडे शिल्लक होती. व्यवहारात याचा अर्थ असा की ज्या वयात स्त्रिया माता होतात, नेमक्या त्याच वयात बहुसंख्य स्त्रिया या विषाणूपुढे निःशस्त्र असतात. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत हेपॅटायटिस ई झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. इतर प्रौढांमध्ये ते एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते.

गोव्यासारख्या तुलनेने संपन्न राज्याने याच मालिकेतील पुढचा निष्कर्ष लक्षपूर्वक वाचायला हवा. १९८२ ते १९९८ या काळातील शहरी आणि ग्रामीण नमुन्यांची तुलना करता सुस्थितीतील कुटुंबांच्या मुलांमध्ये हेपॅटायटिस ए चा बालपणीचा संसर्ग घटत चालल्याचे दिसले. वरवर पाहता ही आनंदाची वार्ता. परंतु पाच वर्षांच्या मुलाला ए झाला तर बहुधा कळतही नाही, वीस वर्षांच्या तरुणाला झाला तर तो महिनाभर झोपून राहतो आणि क्वचित यकृत निकामी होते. बालपणी जो संसर्ग टळला तो वसतिगृहाच्या खाणावळीत किंवा लग्नाच्या पंगतीत गाठतो. केरळमध्ये २००४ साली कोट्टायम येथे उसळलेली मोठी साथ हेपॅटायटिस ए ची होती. तेथील विषाणूचे जनुकीय विश्लेषण डॉ. अरणकल्ले यांच्या गटाने केले. साक्षरता आणि आरोग्यसेवा यांत अग्रेसर असलेल्या राज्यात ती घडली हे विशेष. घरोघरी नळ आले, पण सांडपाण्याच्या वाहिन्या आणि शोषखड्डे त्याच गतीने सुधारले नाहीत, तर अशी संधिकालीन अवस्था येते. किनारपट्टीच्या सच्छिद्र जमिनीत विहीर आणि शोषखड्डा एकाच परसात असणाऱ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

डुकरांमध्येही हेपॅटायटिस ई चा विषाणू असतो आणि पाश्चात्त्य देशांत तो अर्धवट शिजवलेल्या मांसातून माणसांत येतो. भारतात तसे होते काय? २००२ मध्ये पुण्याच्या गटाने पश्चिम भारतातील माणसांतील आणि डुकरांतील विषाणूंची तुलना केली. माणसांत जनुकप्रकार १, तर डुकरांत जनुकप्रकार ४. म्हणजे येथील काविळीचा माग डुकरांच्या गोठ्यापर्यंत नव्हे, तर नळापर्यंत जात होता.

काविळीवरील कामामुळे जो शिरस्ता पडला, त्याचा उपयोग एका अगदी वेगळ्या रोगात झाला. डिसेंबर २००५ च्या सुमारास दक्षिण भारतात सांधे मोडून काढणारा ताप पसरू लागला आणि २००६ मध्ये देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. चिकुनगुनिया भारताला नवा नव्हता. १९६३ मध्ये कोलकात्यात आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याच्या साथी आल्या होत्या. नंतर तीन दशके तो जवळजवळ दिसेनासा झाला. मग तोच जुना विषाणू परतला की दुसरा आला? राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे १९६३ पासूनचे विषाणू जपलेले होते. डॉ. अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या विषाणूंचे जनुकीय द्रव्य शेजारी शेजारी ठेवून वाचले. जुने विषाणू आशियाई वंशाचे निघाले, २००६ चे आफ्रिकी वंशाचे. याहून उद्बोधक ठरला तो पुणे जिल्ह्यातील यवत येथून २००० साली डासांमधून मिळवलेला विषाणू. तोही आफ्रिकी वंशाचाच होता. म्हणजे देशव्यापी उद्रेकाच्या पाच वर्षे आधीच पाहुणा दारात येऊन उभा होता. तेव्हा कोणाला तशी शंका येण्याचे कारण नव्हते, पण कुणीतरी तो डास पकडला, त्यातील विषाणू वेगळा केला आणि फेकून दिला नाही.

२००९ साली गुजरातमधील मोडासा येथे हेपॅटायटिस बी ची तीव्र साथ आली आणि बऱ्याच जणांचा बळी गेला. पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया आणि सिरिंज यांकडे संशयाची सुई वळली होती. तेथील विषाणूच्या जनुकीय बदलांचा अभ्यासही डॉ. अरणकल्ले यांच्या गटाकडे आला. रोग इतका भीषण का झाला, याचे उत्तर केवळ विषाणूत शोधायचे की वैद्यकीय निष्काळजीपणात, असा दुहेरी प्रश्न तेथे होता.

संस्थेतून बाहेर पडल्यावर त्यांनी पुण्यातील भारती विद्यापीठाच्या आरोग्यविषयक आंतरविद्याशाखीय संशोधन संस्थेत काम सुरू ठेवले. तेथे विषाणूपेक्षा शरीराच्या प्रतिसादाकडे, म्हणजे प्रतिकारशक्तीकडे लक्ष अधिक वळलेले दिसते. २०१६ च्या हंगामात पुण्यात डेंग्यूचे चारही प्रकार एकाच वेळी फिरत असल्याचे या गटाने दाखवून दिले. डेंग्यूच्या एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला अटकाव करण्याऐवजी कधी कधी त्याला पेशीत शिरायला मदतच करतात, म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू अधिक घातक ठरू शकतो. चार प्रकार एकत्र वावरणे त्यासाठीच चिंतेचे. कोविडमध्येही त्यांच्या गटाला असेच कोड्यात टाकणारे चित्र दिसले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार, ज्यांचा आजार गंभीर होता त्यांच्या रक्तात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे लवकर आणि अधिक प्रमाणात तयार झाली होती. 'प्रतिपिंडे भरपूर, म्हणजे माणूस सुरक्षित' हे त्या काळात दूरचित्रवाणीवर दिवसरात्र ऐकू येणारे समीकरण किती अपुरे होते, हे यावरून दिसते. प्रतिपिंड हे कधी ढालीचे काम करते, तर कधी लढाई किती मोठी झाली याची केवळ नोंद असते.

हेपॅटायटिस ई च्या लसीवर पुण्यात काम झाले नाही असे नव्हे. विषाणूच्या बाह्यकवचातील प्रथिनाचा जो भाग प्रतिपिंडांचे लक्ष्य ठरतो, तो आणि त्याचा डीएनए मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून माकडांना टोचण्याचे प्रयोग डॉ. अरणकल्ले यांनी सहकाऱ्यांसमवेत केले आणि त्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये 'व्हॅक्सीन' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यात सीरम इन्स्टिट्यूटमधील संशोधकाचाही सहभाग होता. परंतु बाजारपेठेपर्यंत पोहोचलेली लस चीनची ठरली. तेथील जिआंग्सू प्रांतात एक लाखाहून अधिक लोकांवर चाचणी होऊन २०११ मध्ये तिला परवाना मिळाला. हा रोग प्रामुख्याने ज्यांचा, ते लोक गरीब वस्त्यांत, फुटक्या जलवाहिन्यांच्या काठी राहतात. साथ येते, महिन्याभरात ओसरते, नगरपालिका टँकर पाठवते आणि विषय मिटतो. अशा रोगासाठी लस बनवण्याची घाई उद्योगाला नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साथीच्या काळात, गर्भवती स्त्रियांसह धोका असलेल्या गटांसाठी या लसीचा विचार करावा अशी भूमिका घेतली. साथीत तिचा पहिला प्रत्यक्ष वापर मात्र मार्च २०२२ मध्ये झाला. दक्षिण सुदानमधील बेंटियू येथे, पुराने वेढलेल्या विस्थापितांच्या छावणीत, गरोदर स्त्रियांनाही ती टोचण्यात आली. दिल्लीच्या नळातून तो विषाणू आला त्याला तोवर सहासष्ट वर्षे उलटली होती. भारताच्या नियमित लसीकरणात ही लस नाही.